समुद्राकडे पाठ करून

इंग्लंडचा नकाशा पुढ्यात पसरून, डोळे मिटून, त्यावर कोठेही बोट ठेवावे. बोटाखाली आलेले गाव खाऱ्या पाण्यापासून फार तर 70 मैलांवर निघते. ज्या राष्ट्राने याच पाण्याच्या बळावर जगभर वखारी घातल्या आणि पुढे त्या वखारींची राज्ये केली, त्या राष्ट्राचा समुद्राशी निकटचा घरोबा असणार असे आपण सहजच गृहीत धरतो. प्रत्यक्षात इंग्रज माणूस समुद्रावरून हवा तेथे जातो, समुद्रापाशी हवा तितका वेळ बसतो. परंतु समुद्रात मात्र, वैद्याने, राजाने किंवा शेजाऱ्याने भाग पाडल्यावाचून, तो सहसा उतरत नाही. माझे हे मत एकाएकी बनलेले नाही. जन्म गिरगावात, तारुण्य लँकेशरच्या कापडगिरण्यांत आणि संसार व वार्धक्य इंग्लंडच्याच निरनिराळ्या परगण्यांत अशा क्रमाने आयुष्य गेल्यामुळे या लोकांची किनाऱ्यावरची विहारस्थळे मी भरभराटीत पाहिली, पडत्या काळात पाहिली आणि अलीकडे त्यांनी नवे रंगरोगण करून घेतल्यावरही पाहिली. या सर्व स्थित्यंतरांत अबाधित राहिलेली एकच गोष्ट मला आढळली, ती म्हणजे खुद्द समुद्र चुकविण्याची त्यांची पिढीजात हातोटी.

वास्तविक या सर्व व्यवहाराचा आरंभच मुळी औषधोपचारातून झाला. ल्युइस गावच्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी 1750 साली लॅटिन भाषेत एक प्रबंध लिहून समुद्राचे पाणी ग्रंथींच्या विकारांवर गुणकारी असल्याचे प्रतिपादन केले, आणि ते पाणी अंगावर तर घ्यावेच, पण पोटातही घ्यावे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. कोणी मराठी वैद्याने असे पाणी पिण्यास सांगितले असते तर रोग्याच्या नातलगांनी प्रथम वैद्याची नाडी पाहिली असती; परंतु लॅटिनमध्ये लिहिलेली गोष्ट असत्य असू शकत नाही अशी त्या काळी तिकडे श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेच्या जोरावर गाउट, खरूज आणि रिकामपण अशा तिन्ही व्याधींचे सधन रोगी ब्राइटनच्या कोळीवस्तीवर लोटले. पाण्यात शिरण्याचा विधी तर शस्त्रक्रियेच्या तोडीचा होता. चाकांवर बसविलेल्या एका लाकडी खोलीत रोग्याने कपडे उतरवावेत, घोड्याने ती खोली पाण्यात ओढून न्यावी, आणि तेथे कमरेइतक्या पाण्यात तैनात असलेल्या एखाद्या धिप्पाड बाईने त्याला धरून लाटेखाली दाबावे, असा त्याचा शिरस्ता होता. ब्राइटनची मार्था गन या कामात इतकी नामांकित झाली की युवराजांच्या स्वयंपाकघरापर्यंत तिचा राबता असे. खुद्द तिसरे जॉर्ज महाराज 1789 साली वेमथ येथे पाण्यात उतरले, तेव्हा शेजारच्या खोलीत दडवून ठेवलेल्या वादकांनी, महाराजांचे मस्तक पाण्याखाली जाताच, राजस्तुतीचे गीत वाजविण्यास आरंभ केला. परमेश्वराने राजाला वाचवावे ही प्रार्थना इतक्या समयोचित क्षणी त्यापूर्वी क्वचितच म्हटली गेली असेल.

ब्राइटनचे भाग्य उजळले ते या महाराजांच्या चिरंजीवांमुळे. 1783 साली ते प्रथम तेथे आले आणि पुढे तेथेच त्यांनी एक प्रासाद उभारला. त्याला बाहेरून हिंदुस्थानी घुमट व मिनार चढविण्याचे काम जॉन नॅश या स्थापत्यकाराने 1815 ते 1822 या काळात केले, आणि ते करताना हिंदुस्थान पाहण्याची तसदी त्याने घेतली नाही. त्यामुळे त्या इमारतीसमोर उभा राहणारा हिंदी प्रवासी काही वेळ आपण कोणत्या संस्थानात आलो याचा अंदाज बांधण्यात घालवितो. खऱ्या हिंदुस्थानचा एक अंश मात्र जवळच होता. पाटण्याकडचे शेख दीन महंमद यांनी 1821 साली ब्राइटनच्या किनाऱ्यावर वाफेच्या स्नानाची व अंगमर्दनाची आलिशान शाळा काढली, आणि लवकरच राजघराण्याचे अधिकृत चंपीवैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. समुद्राच्या इतक्या सन्निध राहून, बंद खोलीत, उन्हवलेल्या पाण्यात स्नान करण्याची सोय त्यांनी उपलब्ध करून दिली. इंग्रजांचे अंतरंग त्यांच्याइतके अचूक ओळखणारा दुसरा हिंदी माणूस त्या शतकात झाला नाही, असे मी म्हणतो. राजवाड्याचे पुढे असे झाले की व्हिक्टोरिया राणीला तो पसंत पडला नाही व 1850 साली तो नगरपालिकेने विकत घेतला. आणि पहिल्या महायुद्धात त्याच खोट्या हिंदुस्थानी घुमटांखाली खऱ्या हिंदी शिपायांचे रुग्णालय भरले, तेव्हा सरकारने त्यांच्या जातिधर्माप्रमाणे वेगवेगळ्या चुली मांडून देण्याचा बंदोबस्त मोठ्या कसोशीने केला.

मराठी माणसाला ब्राइटन ठाऊक असते ते निराळ्याच कारणाने. 1909 साली सावरकरांनी याच किनाऱ्यावर समुद्राला उद्देशून जी कविता रचली, ती आपल्याकडे शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असते. त्यामुळे मायदेशाहून आलेला पाहुणा ब्राइटनला नेला की तो आगगाडीतूनच गंभीर होऊ लागतो, स्थानकापासून उतरत जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा कंठ दाटून येतो, आणि मग किनाऱ्यावर पाऊल टाकताच त्याला कळते की येथे पुळण मुळीच नाही, नुसते गोटे आहेत. गोट्यांवरून दोन्ही हात पसरून डुगडुगत चालत असताना सद्गदित होणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. माझे बहुतेक पाहुणे पहिल्या वीस पावलांत देशभक्तीकडून घोट्यांकडे वळले आहेत. तरीही माझ्या मनात येते, की या किनाऱ्यावर आजवर लक्षावधी लोक येऊन बसले, पण समुद्राशी समोरासमोर, मनापासून बोललेला माणूस बहुधा एकच, आणि तोही इंग्रज नव्हता.

माझा स्वतःचा परिचय झाला तो मात्र राजेरजवाड्यांच्या ब्राइटनशी नव्हे, मजुरांच्या ब्लॅकपूलशी. मुंबईच्या गिरणीमालकांना आपली होतकरू माणसे लँकेशरला पाठवून विणकामाचे शास्त्र शिकवून आणण्याची हौस होती, तिच्यापोटी साठीच्या दशकाच्या आरंभी मी ओल्डहॅमच्या एका गिरणीत उमेदवारी करीत होतो. तेथील प्रत्येक गिरणीगावाचा एक आठवडा ठरलेला असे. मूळचा तो चर्चच्या जत्रेचा. पुढे त्या आठवड्यात गावातील सगळी धुराडी एकदम थंड करण्याची वहिवाट पडली आणि धुराड्यांबरोबर सगळे गावही उठून समुद्रावर जाऊ लागले. 1938 सालचा पगारी रजेचा कायदा होण्यापूर्वी हा आठवडा बिनपगारीच असे, आणि वर्षभर आठवड्याला काही पेन्स भिशीत टाकून लोक त्याची बेगमी करीत. मला जाण्याची विशेष उत्कंठा नव्हती. परंतु गावात दूधवाला, पाववाला, न्हावी व मद्यगृहाचा मालक यांपैकी कोणीही उरणार नाही असे समजल्यावर, ज्यांच्या घरी मी राहत होतो त्या गिरणीतील जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, कुटुंबासमवेत मीही निघालो. ब्लॅकपूलला पोहोचून पाहतो, तो दूधवाला, पाववाला आणि न्हावी शेजारच्याच घरात उतरलेले. ज्या मंडळींची तोंडे पाहून वर्षभर कंटाळा आला, त्यांचीच तोंडे निराळ्या प्रकाशात पाहण्यास मिळावीत, हाच त्या प्रवासाचा मुख्य हेतू असावा असे मला वाटले.

आम्ही ज्या घरी उतरलो त्या घराच्या मालकीणबाईंविषयी चार शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण ब्लॅकपूलचा मनोरा आणि त्या बाई यांत मला अधिक उंच बाईच वाटल्या. ब्लॅकपूलच्या घरमालकिणींचे साम्राज्य तेव्हा ऐन मध्यान्ही होते. त्यांच्या आधीच्या पिढीतील मालकिणी पाहुण्यांनी स्वतः आणलेला शिधा शिजवून देत आणि मीठ-मिऱ्याच्या डब्या टेबलावर ठेवल्याबद्दल हिशेबात निराळी रक्कम लावीत, असे जॉबरसाहेब सांगत. आमच्या बाई मिठाचे पैसे घेत नसत, परंतु तुम्ही मीठ घेत असताना तुमच्या हाताकडे पाहत असत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक हुकूमनामा चिकटविलेला होता. पायांची वाळू दाराबाहेर झाडावी. ओले कपडे खिडकीत घालू नयेत. स्नानासाठी आदल्या दिवशी वर्दी द्यावी. सर्वांत कडक ताकीद अशी होती, की सकाळी न्याहारी उरकून दहाच्या ठोक्याला सर्वांनी घराबाहेर पडावे आणि पाच वाजण्यापूर्वी कोणत्याही सबबीवर परत येऊ नये. पाऊस ही सबब नव्हती. मी पहिल्याच दिवशी अदबीने विचारले, "बाई, पाऊस फार लागला तर?" बाईंनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि म्हणाल्या, "मग तुम्ही भिजाल, बाळ."

वेल्समधील बॅरी आयलंड येथे असेच घराबाहेर काढलेले, पावसात कुडकुडणारे पाहुणे पाहून बिली बटलिन यांना सुटीच्या छावणीची कल्पना सुचली, असे ते स्वतः सांगत, आणि 1936 साली स्केगनेस येथे त्यांनी पहिली छावणी उघडली. तेथे पाहुण्यांना दिवसभर आत राहण्याची मुभा होती. इतकी, की सकाळी उठविण्यापासून रात्री निजविण्यापर्यंतचा सगळा बंदोबस्त कर्ण्यावरून जाहीर होई. म्हणजे घरमालकिणीचा जाच चुकविण्यासाठी माणसे जेथे गेली, तेथे तिचा आवाज विजेवर चालत होता.

दहा ते पाच या सात तासांचे काय करावे, या एका प्रश्नातून इंग्लंडच्या किनाऱ्यावरील सर्व स्थापत्यकला, संगीत आणि पाकशास्त्र जन्माला आले. ब्लॅकपूलमध्ये 1863 सालापासून एकेक करून पाण्यात शिरलेले तीन पिअर आहेत, 1894 साली पॅरिसच्या आयफेलला पाहून उभारलेला 518 फुटांचा मनोरा आहे, 1885 सालची विजेची ट्रॅम आहे, आणि उन्हाळा संपत आल्यावर, जेव्हा शहाणा माणूस घरी परततो, तेव्हा त्याला अडकवून ठेवण्यासाठी मैलोगणती केलेली विजेची रोषणाई आहे. यांपैकी पिअर ही वस्तू मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. समुद्रात पुष्कळ आत जावे, पण पायाला पाणी लागू नये, ही या जातीची जी आंतरिक तळमळ, तिला लोखंडी रूप देण्याचे कार्य युजिनियस बर्च या अभियंत्याने केले. तळाशी स्क्रूसारखे मळसूत्र असलेले खांब वाळूत पिळून बसवीत त्याने एकामागून एक 14 पिअर उभारले. फिरत्या फाटकाशी दाम द्यावा, फळ्यांवरून चालत टोकापर्यंत जावे, टोकाशी चहा घ्यावा आणि परत यावे. साउथएंडला ओहोटीच्या वेळी समुद्र मैलभर मागे हटतो, म्हणून तेथील लोकांनी त्याचा पाठलाग करीत सव्वा मैलांहून लांब पिअर बांधला, आणि इतके चालून मनुष्य थकेल म्हणून त्यावर आगगाडी घातली. दुसऱ्या महायुद्धात शत्रू अशा पिअरांवर उतरेल या भीतीने सरकारने पुष्कळ ठिकाणी त्यांचा मधला भाग तोडून टाकला. जर्मन सैन्याला सगळा किनारा मोकळा असताना ते रीतसर रांग लावून फिरत्या फाटकातूनच देशात शिरेल, असा विश्वास बाळगण्यास फार थोर मन लागते.

राहता राहिली कापडी आरामखुर्ची. ब्लॅकपूलचा किनारा पश्चिमाभिमुख आहे आणि वारा समुद्रावरून येतो. आणि वारा कसा, तर शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रातील लेख आपल्या तोंडावर येऊन वाचून घेणारा. तेव्हा बसणारे सर्वजण साहजिकच वाऱ्याकडे, म्हणजेच समुद्राकडे, पाठ करून बसत. मी प्रथम वाळूवर उतरलो तेव्हा हजारो माणसे पाण्याकडे पाठ करून गावाकडे टक लावून बसलेली पाहून, गावात कोठेतरी आग लागली असावी अशी माझी समजूत झाली. पुरुषांच्या अंगात कोट, पायांत बूट, डोक्यावर चार टोकांना गाठी मारलेला हातरुमाल. तासाभराने जॉबरसाहेबांनी पाटलोण घोट्याच्या वर दोन बोटे दुमडली आणि ते पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन आले. परतल्यावर त्यांनी मला समाधानाने विचारले, "असतो का रे तुमच्याकडे असा समुद्र?" गिरगावच्या चौपाटीचे वर्णन माझ्या जिभेवर आले होते, पण त्यांच्या ओल्या बुटांकडे पाहून मी ते गिळले.

संध्याकाळी पाठविण्यासाठी चित्रकार्डे घ्यावीत तर त्यांचीही एक फौजदारी कथा आहे. डोनाल्ड मॅकगिल या चित्रकाराने आयुष्यभर स्थूल स्त्रिया, कृश नवरे आणि द्व्यर्थी संवाद यांची हजारो कार्डे काढली. जॉर्ज ऑर्वेलसारख्या लेखकाने 1941 साली त्यांवर गंभीर निबंध लिहिला, आणि 1954 साली लिंकन येथील न्यायालयात त्याच कार्डांवरून अश्लीलतेचा खटला होऊन मॅकगिलला 50 पौंड दंड झाला. ब्लॅकपूलमध्ये तर अशी कार्डे विक्रीपूर्वी तपासून पाहणारी समितीच नेमलेली होती. नगरातील प्रतिष्ठित नागरिक एका खोलीत बसून, कोणत्या विनोदावर जनतेने हसणे धोक्याचे आहे हे ठरविण्यासाठी तो आधी स्वतः समजून घेत असत. त्या बैठकांना कधी गणपूर्तीचा अभाव भासला असेल असे मला वाटत नाही.

मग हे वैभव ओसरले. त्याची कारणे शोधण्यास इतिहाससंशोधक नको. 1950 साली व्लादिमिर राइट्झ यांनी विमानात माणसे भरून कॉर्सिका बेटावर नेली, आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी स्पेनच्या किनाऱ्यावर त्याच पैशांत ऊन, मद्य आणि दिवसभर उघडे राहणारे घर देऊ केले. 1963 साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने किनाऱ्यावर जाणारे कित्येक लोहमार्ग उखडले. आणि ज्या गिरण्यांच्या धुराड्यांवर तो सुटीचा आठवडा अवलंबून होता, त्या गिरण्याच बंद झाल्या. मी जे विणकाम शिकण्यासाठी गेलो ते शिकवणारी गिरणी आज गोदाम आहे, आणि मजजवळच्या ज्ञानाला तेवढाही उपयोग उरलेला नाही. जॉबरसाहेब निवृत्तीनंतर पत्नीसह बेनिडॉर्मला जाऊ लागले. तेथे इंग्रजी चहा, इंग्रजी न्याहारी आणि तळलेला मासा मिळतो, असे ते मला उल्हासाने सांगत. आणि समुद्र कसा आहे असे विचारल्यावर म्हणाले, की हॉटेलातच मोठा हौद असल्यामुळे खाली जाण्याचा प्रसंग आला नाही.

मागे राहिलेल्या गावांची दशा काय वर्णावी! प्रासादतुल्य हॉटेलांचे खण पाडून भाड्याच्या खोल्या झाल्या. नाट्यगृहांत जुगाराची यंत्रे लागली. बर्चने बांधलेला ब्राइटनचा 1866 सालचा पश्चिम पिअर 1975 साली बंद झाला, 2003 साली दोनदा जळाला, आणि आता त्याचा लोखंडी सांगाडा पाण्यात एकाकी उभा असून, तो धड असताना होता त्याहून अधिक छायाचित्रांत झळकतो. ब्लॅकपूलच्या नगरपालिकेने 2014 साली आपल्या सुमारे 6 हजार आरामखुर्च्या विकून टाकल्या. परंतु या पडत्या काळातील सर्वांत सुरस प्रकरण न्यायालयीन आहे. युरोपच्या मंडळाने 1975 साली असा निर्बंध केला की प्रत्येक देशाने आपली स्नानाची ठिकाणे जाहीर करावीत आणि तेथील पाणी स्वच्छ ठेवावे. यावर ब्रिटिश सरकारने चौफेर समुद्र असलेल्या आपल्या बेटांवर अवघी 27 ठिकाणे जाहीर केली. त्यांत ब्लॅकपूल नव्हते आणि ब्राइटनही नव्हते. ज्या लक्झेंबर्गला समुद्राचा थेंब नाही, त्याची यादी याहून लांब निघाली. म्हणजे जे मी आरामखुर्चीत बसून केवळ अनुमानाने म्हणत होतो, ते ब्रिटिश सरकारने कागदोपत्री कबूल केले, की ब्लॅकपूलला लोक जातात हे खरे, पण ते स्नान करतात असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही! अखेर मामला युरोपच्या न्यायालयात गेला, आणि 1993 साली न्यायमूर्तींनी कपडे बदलण्याच्या खोल्या, जीवरक्षक इत्यादी पुरावा ध्यानी घेऊन ब्लॅकपूल हे स्नानाचे ठिकाण आहे असा निवाडा दिला. हे न्यायालय भरते लक्झेंबर्गमध्ये.

अलीकडे मात्र वारा फिरला आहे. मारगेटला 2011 साली चित्रकार टर्नरच्या नावाने कलादालन निघाले, आणि त्याच्या पाठोपाठ लंडनची तरुण मंडळी आपले श्वान, आपली कॉफी आणि आपले घरभाडे घेऊन तेथे वस्तीला आली; वेस्टन-सुपर-मेअरला 2015 साली बँक्सी या अज्ञात कलावंताने भकास करमणूक-नगरीचे मुद्दाम विडंबन उभारले, तेव्हा ते पाहण्यास इतकी गर्दी लोटली की गावाचा धंदा तेजीत आला. आणि आश्चर्य म्हणजे माणसे पाण्यात उतरू लागली आहेत! डिसेंबरच्या पहाटे टॉवेलचे अस्तर लावलेले पायघोळ झगे घालून सुशिक्षित स्त्रीपुरुष किनाऱ्यावर जमतात, किंकाळी फोडून त्या बर्फगार पाण्यात शिरतात, आणि बाहेर आल्यावर मनाचे नैराश्य, सांध्यांची सूज व रक्ताभिसरण यांवर त्याचा कसा आश्चर्यकारक गुण येतो, ते भेटेल त्याला सांगतात. डॉ. रसेल यांचा प्रबंध लॅटिनमधून न वाचताच त्यांना तो पाठ झालेला आहे. मुसळधार पावसानंतर जलकंपन्या मैलापाणी समुद्रात सोडतात, म्हणून पोहण्यापूर्वी ही मंडळी आज कोणत्या किनाऱ्यावर काय सोडले आहे त्याची वर्दी दूरध्वनीच्या पडद्यावर पाहून घेतात. रसेलसाहेबांच्या उपचाराचा पिण्याविषयीचा भाग तेवढा त्यांनी अद्याप सुरू केलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी नातवाला घेऊन ब्लॅकपूलला गेलो. त्याला मनोऱ्यात गोडी नव्हती, पिअरमध्ये नव्हती. त्याला किनाऱ्यावरच्या गाढवावर बसायचे होते, आणि मलाही ते पसंत होते, कारण त्या किनाऱ्यावरील सर्व संस्थांत मला गाढवांविषयी विशेष आदर आहे. 1942 साली नगरपालिकेने त्यांच्या चाकरीची रीतसर नियमावली केली: सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत काम, मध्ये जेवणाची एक तास सुटी, आणि शुक्रवारी पूर्ण रजा. गिरणीच्या मजुरांना पगारी रजेचा कायदा होऊन तेव्हा अवघी चार वर्षे लोटली होती. मजूर गेले, मालकिणी गेल्या, खुर्च्या विकल्या गेल्या, पण गाढवांची सनद आजतागायत शाबूत आहे. आणि आम्ही गेलो तो नेमका शुक्रवार होता.

"गाढवं कुठं आहेत?" नातवाने तेथील आइस्क्रीमवाल्याला त्याच्याच बोलीत विचारले.

"शुक्रवार आहे. सुटीवर आहेत ती."

"सुटीला कुठं जातात?"

त्याने आइस्क्रीमचा शंकू भरता भरता मान किंचित गावाच्या दिशेला, पूर्वेकडे वळविली. "आत, लांब कुरणात," तो म्हणाला. "सुटीच्या दिवशी कोण येतंय समुद्रावर!"